जुन्या ट्रॅक्टरचे वारंवार बिघडणारे ब्रेक : कारणे व उपाय

जुना ट्रॅक्टर विकत घेणे ही आज अनेक लहान व मध्यम शेतकऱ्यांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट झाली आहे. नव्या ट्रॅक्टरची किंमत आवाक्याबाहेर असते, कर्जाचा बोजा मोठा होतो आणि शेतीचे काम तर कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी सहा-आठ वर्षे वापरलेला ट्रॅक्टर पसंत केला जातो. घेताना एंजिनाचा आवाज ऐकतात, धुराचा रंग पाहतात, टायर किती झिजले आहेत ते तपासतात, हायड्रॉलिकने नांगर उचलला जातो की नाही हेही पाहतात. ब्रेकची परीक्षा मात्र पेडल एकदा दाबून पाहण्यापलीकडे क्वचितच होते. वास्तविक एंजिन बिघडले तर काम अडते, पण ब्रेक बिघडला तर माणूस दगावतो.

जुन्या ट्रॅक्टरच्या ब्रेकची तक्रार बहुधा एकाएकी उद्भवत नाही. ती पुनःपुन्हा येते. आज ब्रेक आवळून घ्यावा, आठ दिवस तो बरा लागावा आणि पुन्हा पेडल खोल जाऊ लागावे, असा अनुभव पुष्कळांना येतो. पुढे पुढे मालकास त्याची सवय होते आणि "या गाडीचा ब्रेक असाच आहे" असे समाधान करून घेतले जाते. हे समाधान अत्यंत धोक्याचे होय. दुरुस्त केलेला ब्रेक थोड्याच दिवसांत पुन्हा बिघडतो, याचा अर्थ दुरुस्ती लक्षणाची झाली, कारणाची झाली नाही. कारण कसे शोधावे याचा विचार या लेखात केला आहे.

ब्रेकची रचना

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडले असतात. डावे पेडल डाव्या मागील चाकासाठी व उजवे पेडल उजव्या मागील चाकासाठी असते. शेतात बांधाजवळ ट्रॅक्टर थोड्या जागेत वळवता यावा म्हणून ही सोय केलेली आहे. ज्या बाजूचे पेडल दाबावे त्या बाजूचे चाक थांबते व ट्रॅक्टर त्या बाजूस वळतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडले कडीने एकत्र जोडलेली असलीच पाहिजेत. कडी न लावता वेगात एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर एकदम एका बाजूस वळून उलटण्याचा संभव असतो.

ब्रेकचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिला कोरडा ब्रेक. यात लायनर लावलेल्या तबकड्या, अथवा काही ट्रॅक्टरांत ड्रम व शू, कोरड्या जागेत काम करतात. तबकड्यांच्या ब्रेकमध्ये दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये उतरत्या खाचांत छर्रे बसवलेले असतात. पेडल दाबले की पट्ट्या किंचित फिरतात, छर्रे खाचेतून वर चढतात, पट्ट्या एकमेकींपासून दूर सरतात आणि फिरत्या तबकड्यांवर दाब पडतो. दुसरा प्रकार तेलात बुडालेल्या ब्रेकचा. यात तबकड्या तेलात फिरतात. त्यामुळे त्यांची झीज कमी होते व उष्णता तेलात निघून जाते.

कोरड्या ब्रेकच्या अगदी शेजारी गिअरचे तेल असते. मध्ये आडपडदा असतो तो केवळ एका ऑईल सीलचा. जुन्या ट्रॅक्टरच्या ब्रेकच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ याच ठिकाणी सापडते.

एक उदाहरण

असे समजा की, एका ऊस बागायतदाराने उन्हाळ्यात कोरड्या ब्रेकचा जुना ट्रॅक्टर विकत घेतला. पावसाळ्यात मशागतीच्या कामात ब्रेकची उणीव फारशी जाणवली नाही. गाळप हंगाम सुरू होऊन ट्रॉली जोडल्यावर मात्र ब्रेक लागेना. मिस्त्रीने नट आवळून पेडल वर आणले. आठ दिवसांत तक्रार परत आली. शिवाय ब्रेक दाबताच ट्रॅक्टर उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूस, ओढू लागला. दुसऱ्या खेपेस डाव्या बाजूचे पेडल आणखी आवळले. तिसऱ्या खेपेस डावी बाजू उघडली, तेव्हा लायनर तेलाने माखलेले आढळले. ते पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवले. पंधरा दिवस बरे गेले. चौथ्या खेपेस लायनर नवे टाकले. तेही महिन्याभरात तेलकट झाले. पाचव्या खेपेस ऑईल सील बदलले, तरी गळती थांबली नाही. अखेर एका जाणत्या मिस्त्रीने शाफ्टवरून नख फिरवून पाहिले, तेव्हा सीलची कड जेथे टेकते तेथे शाफ्टवर बारीक खाच पडलेली दिसली. त्याच बाजूचे बेअरिंगही ढिले होते. शाफ्ट हलत असल्यामुळे आणि खाच पडल्यामुळे कोणतेही नवे सील तेथे टिकणे शक्य नव्हते.

या उदाहरणात पाच वेळा झालेले काम निरुपयोगी होते असे नाही. प्रत्येक वेळी जो भाग दिसला तो दुरुस्त झाला. फक्त "हा भाग कशामुळे बिघडला?" हा पुढचा प्रश्न विचारला गेला नाही. पेडल खोल का जाते? लायनर घसरतात म्हणून. लायनर का घसरतात? तेल आले म्हणून. तेल का आले? सील गळते म्हणून. सील का गळते? शाफ्ट हलतो म्हणून. असे मागे मागे जात शेवटच्या कारणापर्यंत पोहोचले म्हणजेच दुरुस्ती पुरी झाली असे समजावे. नाहीतर मजुरी, लायनर, सील व कामाचे बुडालेले दिवस यांची बेरीज नव्या बेअरिंगच्या व शाफ्टच्या खर्चापेक्षा सहज अधिक होते आणि जिवाचा धोका तसाच राहतो.

ब्रेक अति आवळल्याचे परिणाम

पेडल दाबल्यावर प्रत्यक्ष ब्रेक लागू लागेपर्यंत ते जेवढे मोकळे जाते, तिला पेडलची मोकळी चाल म्हणतात. ती किती असावी हे त्या त्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. दोन्ही पेडलांची चाल सारखी असणे आवश्यक आहे. ती फार वाढली तर ब्रेक उशिरा लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ती फार कमी झाली तर काय होते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

ब्रेक अति आवळला की पाय पेडलावर नसतानाही लायनर घासत राहतात. घासण्याने उष्णता निर्माण होते. तापलेले लायनर काचेसारखे गुळगुळीत होतात व त्यांची पकड कमी होते. पकड कमी झाली म्हणून ब्रेक आणखी आवळला जातो. याच उष्णतेने शेजारच्या ऑईल सीलची रबरी कड कडक होते, तडकते व तेल गळू लागते. अशा रीतीने ज्या उपायाने ब्रेक सुधारावा, त्यानेच तो बिघडत जातो. म्हणून चाल मोजून ठेवावी, अंदाजाने आवळू नये.

ब्रेक घासतो की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकचा उपयोग न करता ट्रॅक्टर दोन-तीन किलोमीटर चालवावा, सपाट जागी आपोआप थांबू द्यावा आणि दोन्ही बाजूंच्या ब्रेकच्या आवरणाजवळ हात नेऊन पाहावे. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे अधिक तापली असेल, तर त्या बाजूचा ब्रेक घासत आहे असे समजावे.

पूर्वीचा वापर जाणून घ्यावा

जुन्या ट्रॅक्टरचा ब्रेक कोठे बिघडला असेल, हे त्याने पूर्वी केलेल्या कामावरून बरेचसे समजते. भंडारा, गोंदिया किंवा कोकण या भात पिकविणाऱ्या भागांत चिखलणीसाठी वापरलेल्या ट्रॅक्टरच्या कोरड्या ब्रेकमध्ये पाणी व चिखल शिरलेला असतो. त्यामुळे छर्रे व त्यांच्या खाचा गंजतात. ब्रेक लागल्यावर सुटत नाही किंवा दाबूनही पुरता लागत नाही. अशा ट्रॅक्टरला नुसते लायनर बदलून उपयोग नसतो. पट्ट्या सोडवून खाचा स्वच्छ कराव्या लागतात आणि खड्डे पडलेले छर्रे व पट्ट्या बदलाव्या लागतात.

कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत ऊस वाहिलेल्या, अथवा विटा, खडी यांच्या वाहतुकीत राबलेल्या ट्रॅक्टरचे ब्रेक तापून गेलेले असतात. तेथे जळके लायनर, निळसर पडलेल्या तबकड्या, बारीक चिरा गेलेले ड्रम आणि गळके सील यांची शंका प्रथम घ्यावी. केवळ नांगरणीत वापरलेल्या ट्रॅक्टरात बांधाजवळ नेहमी एकाच बाजूस वळण घेतल्यामुळे त्या बाजूचा ब्रेक दुसरीपेक्षा फार झिजलेला आढळतो.

लक्षणांवरून कारणांचा शोध

ब्रेक उघडण्यापूर्वी लक्षणे नीट पाहिली तर पुष्कळ श्रम वाचतात.

(१) ट्रॅक्टर एका बाजूस ओढतो. ज्या बाजूस ओढतो त्या बाजूचा ब्रेक जोराने लागतो. दोष बहुधा विरुद्ध बाजूस असतो. चाल असमान आहे काय, मागील दोन्ही टायरांतील हवा सारखी आहे काय, हे आधी पाहावे. त्यानंतरही ओढ राहिली तर विरुद्ध बाजूच्या लायनरवर तेल आले असावे.

(२) चाल मोजून ठेवली तरी थोड्याच दिवसांत वाढते. नट आपोआप सैल होतो काय ते पाहावे. दांड्यांच्या पिना झिजल्या आहेत काय, त्यांची भोके लांबट झाली आहेत काय, पेडलच्या आडव्या शाफ्टचे बुश ढिले आहेत काय, हे तपासावे. हे सर्व ठीक असेल तर तबकडी ज्या पृष्ठभागावर घासते तो खडबडीत होऊन नवे लायनर खात असावा.

(३) पेडल परत येत नाही. स्प्रिंग तुटली किंवा ताणली गेली असावी, पेडलचा शाफ्ट ग्रीसअभावी जाम झाला असावा, अथवा छर्रे गंजले असावेत. पायाने पेडल वर ओढून काम चालवू नये.

(४) सकाळी ब्रेक चांगला लागतो, काही फेऱ्यांनंतर लागेनासा होतो. हे अति उष्णतेचे लक्षण आहे. ब्रेक घासतो, भार जास्त आहे किंवा चालक पेडलावर सतत पाय ठेवतो, यांपैकी एक कारण निश्चित असते.

(५) पाण्यातून किंवा चिखलातून आल्यावर ब्रेक लागत नाही. लायनर ओले झाले आहेत. सपाट व मोकळ्या जागी सावकाश चालवीत पेडल चार-सहा वेळा हलके दाबावे, म्हणजे ते वाळतात. तोपर्यंत रस्त्यावर जाऊ नये.

(६) गिअरचे तेल कमी होते, पण जमिनीवर गळती दिसत नाही. ते ब्रेकच्या आवरणात साचत असण्याचा संभव असतो. तेल प्रमाणाबाहेर भरल्यास किंवा हवा बाहेर सोडणारा ब्रीदर मातीने बुजल्यास आत दाब वाढतो आणि चांगले सीलही गळू लागते. ब्रीदर साफ करण्यास काही मिनिटे पुरतात, पण त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

तेल प्यालेले लायनर धुऊन पुन्हा वापरू नयेत. तेल आतपर्यंत मुरलेले असते. ब्रेक तापला की ते पुन्हा वर येते. लायनर नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, म्हणजे दोन्ही चाकांवर पकड सारखी राहते. आवरण उघडल्यावर आतील भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुप्फुसांस अत्यंत अपायकारक आहे. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी.

तेलातील ब्रेक

तेलातील ब्रेकला गळतीच्या तेलाचे भय नसते, म्हणून त्याकडे पाहावेच लागत नाही असा गैरसमज आहे. या ब्रेकचे आरोग्य तेलावर अवलंबून असते. बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक व ब्रेक यांना एकच तेल पुरते. ते कंपनीने सांगितलेल्या जातीचेच असावे. स्वस्त मिळाले म्हणून दुसरे तेल भरले, तर ब्रेक लावताना किरकिर किंवा थरथर सुरू होते व पकड कमी पडते. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून ते बदलावे. तेलाची पातळी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून पट्टीने पाहावी. काही नव्या ट्रॅक्टरांत पेडलचा दाब नळीतील द्रवाने पोहोचवला जातो. तेथे पेडल स्पंजासारखे लागल्यास नळीत हवा शिरली आहे. डबीतील द्रव वारंवार कमी होत असल्यास कोठेतरी गळती आहे. या डबीत ब्रेकच्या द्रवाखेरीज एंजिन ऑईल किंवा डिझेल कधीही घालू नये. त्याने आतील रबरी भाग फुगून निकामी होतात.

ट्रॉली व उतार

ब्रेक सर्वथा निर्दोष असला तरी त्याची शक्ती मर्यादित असते, हे विसरून चालणार नाही. सामान्य ट्रॅक्टरचे वजन सुमारे २ टन असते. त्याच्या मागे १० टनांचा भार जोडला आणि ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसला, तर ट्रॅक्टरच्या दोन मागील चाकांवर एकूण १२ टन थांबविण्याचे काम पडते. २० फुटांस १ फूट इतक्या साध्या उतारावर १० टनांची ट्रॉली ट्रॅक्टरला मागून सुमारे ५०० किलो जोराने ढकलीत असते. चाकांचा रोध यातून थोडासाच वजा होतो. वळणावर ब्रेक दाबताच अशी ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे करते.

वेगाचा हिशोबही ध्यानात घ्यावा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर एका सेकंदात सुमारे साडेपाच मीटर पुढे जातो. म्हणजे धोका दिसून पाय पेडलावर पोहोचेपर्यंतच तेवढे अंतर संपलेले असते.

म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच लहान गिअर टाकावा. जो गिअर तो चढ चढण्यास लागला असता, त्याच गिअरमध्ये अथवा त्याहून लहान गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचविण्याच्या लोभाने न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून ठेवणे म्हणजे एंजिनाचा अटकाव घालवून सर्व भार ब्रेकवर टाकणे होय. उतारावर उभे राहावे लागल्यास पेडले खटक्याने अडकवून चाकांखाली लाकडी ठोकळाही द्यावा. निघताना खटका सोडण्यास विसरू नये. ट्रॉलीला ब्रेक असल्यास तो जोडलेला व चालू असावा. मडगार्डवर व ट्रॉलीच्या जोडदांड्यावर कोणासही, विशेषतः मुलांना, बसू देऊ नये.

विकत घेताना घ्यावयाची परीक्षा

मोकळ्या, सपाट व कोरड्या मातीच्या जागेवर ट्रॅक्टर सावकाश चालवावा. कडी लावून दोन्ही पेडले एकदम दाबावीत व उतरून चाकांच्या खुणा पाहाव्यात. दोन्ही खुणा सारख्या लांबीच्या व सरळ असाव्यात. नंतर कडी काढून प्रत्येक पेडल स्वतंत्रपणे, अगदी कमी वेगात, दोन्ही बाजूंस वळवून पाहावे. मागील ॲक्सलच्या आवरणाखाली तेल ठिबकते काय, ते वाकून पाहावे. आवळण्याचा नट जर अखेरच्या आट्यापर्यंत गेलेला असेल, तर लायनर संपत आले आहेत असे समजावे व तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. नुकताच धुऊन पुसून ठेवलेला ट्रॅक्टर तासभर चालवून मग पुन्हा पाहावा. धुतल्याने गळतीची खूण तात्पुरती नाहीशी होते. व्यवहार झाल्यावर मालकी बदलल्याची सूचना मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास द्यावयाची असते; त्यात दिरंगाई करू नये.

कार्यकर्त्यांचे साहाय्य

ग्रामपातळीवरील कृषी कार्यकर्त्यांनी या बाबतीत पुष्कळ करण्यासारखे आहे. गाळप हंगामापूर्वी व खरिपाच्या मशागतीपूर्वी गावातील ट्रॅक्टर एका जागी जमवून पेडलची चाल, कडी, स्प्रिंग, ब्रीदर व तेलगळती यांची तपासणी चालकांकडूनच करवून घ्यावी. स्वतःच्या हाताने एकदा चाल मोजलेला चालक पुढे ती मोजत राहतो. ज्यांना अधिक शिक्षण हवे असेल त्यांना कृषी यंत्रांच्या प्रशिक्षणवर्गांची माहिती द्यावी. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली सुरू झालेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची निगा व दुरुस्ती यांचे शिक्षण दिले जाते.

प्रत्येक मालकाने ट्रॅक्टरबरोबर एक साधी वही ठेवावी. ब्रेकचे काम केले की तारीख, मीटरवरील तास, बाजू कोणती, काय आढळले व काय बदलले, एवढी पाच टिपणे लिहावीत. "डावी बाजू, लायनर तेलकट" ही नोंद वहीत दोनदा आली की तिसऱ्या वेळी लायनर घेण्यास दुकानात जाण्याचे कारण उरत नाही. सील, बेअरिंग व शाफ्ट पाहावयास हवेत हे वहीच सांगते. मिस्त्री बदलला, चालक बदलला, तरी ट्रॅक्टरचा इतिहास हाताशी राहतो. आणि एकाच बिघाडासाठी पुनःपुन्हा खर्च करण्याची पाळी येत नाही.

जोपर्यंत बिघाडाचे कारण सापडत नाही, तोपर्यंत त्या ट्रॅक्टरने शेतातील सपाट जागेवरील सावकाश काम करावे. ट्रॉली जोडून रस्त्यावर जाऊ नये. ऊस एक दिवस उशिरा पोहोचला तर होणारे नुकसान भरून काढता येते.